लॅपटॉप, वीस मीटर केबल, स्प्लिटर आणि प्रोजेक्टर: चित्र नेमकं कुठे अडतं?

कुळागर (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यातल्या एका संस्थेच्या सभागृहाची जोडणी अशी आहे. रंगमंचाच्या डाव्या विंगेत लॅपटॉप, त्याला एक मीटरची केबल, मग एकाचे दोन करणारा एचडीएमआय स्प्लिटर. स्प्लिटरची पहिली वाट वीस मीटर साध्या तांब्याच्या केबलने मागच्या प्रोजेक्टरला जाते, दुसरी दहा मीटरने बाहेरच्या व्हरांड्यातल्या ४३ इंची टीव्हीला. प्रोजेक्टर फोर-के आहे, टीव्ही जुना फुल एचडी.

तक्रारी तीन:

१. लॅपटॉपचा डेस्कटॉप, फोटो, स्लाइड सगळं दोन्हीकडे नीट दिसतं. ओटीटीचं अ‍ॅप लावलं की आवाज येतो, चित्र काळं.
२. लॅपटॉपवरून फोर-के ६० हर्ट्‌झ निवडलं की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात आणि मधूनच दोन-तीन सेकंद चित्र जातं.
३. वीज जाऊन आली की प्रोजेक्टरवर १०२४ × ७६८ चं ताणलेलं चित्र येतं. केबल काढून लावली की ठीक होतं.

दुकानदाराने "भारीतली केबल घ्या" एवढंच सांगितलं आहे. तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे, की तीन वेगळ्या गोष्टी आहेत?

---

सुरंगी

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारीतली केबल घेतली तर फक्त दुसरी तक्रार जाईल, आणि तीही केबल योग्य जातीची असली तरच.

एचडीएमआयच्या सॉकेटमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या पहिल्या १२ पिनांवरून चित्र आणि आवाज धावतो: तीन जोड्या माहितीच्या, एक जोडी घड्याळाची, आणि प्रत्येक जोडीला आपली शील्ड. उरलेल्या सात पिना चित्र नेत नाहीत, बोलणी करतात. १३ वर सीईसी, म्हणजे एका रिमोटने दुसरं उपकरण चालवण्याची तार. १४ ही एआरसीसाठी, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट दिशेने स्पीकरकडे नेण्यासाठी. १५ आणि १६ ही डीडीसी नावाची संथ तार, वेग फक्त १०० किलोहर्ट्‌झ. १७ जमीन, १८ वर ५ व्होल्ट, १९ म्हणजे हॉट प्लग.

केबल लावल्यावर घडतं ते या क्रमाने. लॅपटॉप १८ वर ५ व्होल्ट देतो. ते पोचले की समोरचा पडदा १९ नंबरची पिन वर उचलतो, "मी आहे" असं सांगायला. मग लॅपटॉप १५-१६ वरून पडद्याची कुंडली वाचतो. तिला एडिड म्हणतात. १२८ बाइटचा एक ठोकळा आणि त्याच्या पुढच्या पुरवण्या, त्यात कोणती रिझोल्यूशन चालतात, किती हर्ट्‌झ, आवाजाचे कोणते प्रकार, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यानंतर चित्र सुरू होतं. आणि संरक्षित चित्रपट किंवा मालिका असेल तर त्याच १५-१६ वरून एचडीसीपीची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलुपाची, ओळखपरेड होते.

म्हणून "चित्र येत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. पडदा मुळात दिसतच नाही, चुकीच्या मापाचा दिसतो, ठिपके येतात, की फक्त संरक्षित मजकूर काळा होतो? पहिलं म्हणजे ५ व्होल्ट किंवा हॉट प्लग, दुसरं एडिड, तिसरं चित्राच्या जोड्या, चौथं एचडीसीपी. तुमची पहिली तक्रार चौथ्या जातीची, दुसरी तिसऱ्या जातीची, आणि तिसरी एडिडची.

तिसरीचा उलगडा आत्ताच करून टाकते. वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. स्प्लिटर आणि प्रोजेक्टर बंद होतात. वीज आल्यावर स्प्लिटर दोन सेकंदांत उठतो, प्रोजेक्टर मात्र पुन्हा चालू करून दिवा तापेपर्यंत वेळ घेतो. स्प्लिटरला पहिल्या वाटेवर कोणी सापडत नाही, तो आपली साठवलेली कामचलाऊ कुंडली लॅपटॉपला देऊन मोकळा होतो. नंतर प्रोजेक्टर जागा झाला तरी लॅपटॉपला कोणी पुन्हा वाचायला सांगत नाही. केबल काढून लावली की १९ नंबरची पिन खाली जाऊन वर येते (१०० मिलिसेकंद खाली राहिली तरी पुरते) आणि वाचन नव्याने होतं.

उपाय दोन. फुकटचा: आधी पडदे, मग स्प्लिटर, शेवटी लॅपटॉप, याच क्रमाने चालू करा. पक्का: स्प्लिटरच्या आधी एडिड एम्युलेटर बसवा. लहान डबी असते, एकदा प्रोजेक्टरची कुंडली शिकवली की वीज गेली तरी लॅपटॉपला तीच दाखवत राहते. काही स्प्लिटरांच्या बुडाला छोटे स्विच असतात, त्यांनीही ठरावीक एडिड धरून ठेवता येतं. आधी तुमच्या स्प्लिटरचं बूड बघा.

---

मानकुराद

सुरंगीताईंनी बोलण्यांचं सांगितलं, मी जाड काम घेतो.

आकडे मांडून बघा, म्हणजे ठिपक्यांचं कारण दिसेल. १०८०पी ६० हर्ट्‌झचं चित्र काठाच्या मोकळ्या जागेसकट २२०० × ११२५ ठिपक्यांचं असतं. गुणिले ६० केलं की १४८.५ मेगाहर्ट्‌झ. तीन जोड्या आणि प्रत्येक आठ बिटांचे तारेवर दहा होतात, म्हणून गुणिले तीस: सेकंदाला ४.४५५ गिगाबिट. फोर-के ६० साठी हेच ४४०० × २२५० × ६०, म्हणजे ५९४ मेगाहर्ट्‌झ आणि १७.८२ गिगाबिट. बरोबर चौपट. तुमच्या त्याच वीस मीटर तांब्यातून.

साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के ६० ला पाच मीटरपर्यंत भरवसा ठेवावा, सात मीटरवर नशीब. १०८०पी दहा मीटर सहज जातं, चांगल्या जाड तारेत पंधरा. तुमचं वीस मीटरवर १०८०पी चालतंय म्हणजे ती केबल तिच्या ऐपतीपेक्षा जास्त काम करते आहे. पांढरे ठिपके म्हणजे चुकून वाचले गेलेले बिट. चुका वाढल्या की पडद्याची पकड सुटते आणि तो नव्याने सूर जुळवतो, तेच तुमचे दोन-तीन सेकंद.

आवृत्त्यांबद्दल दुकानात फार घोळ घालतात, तो इथे निस्तरून ठेवू. १.४ आवृत्ती २००९ ची, १०.२ गिगाबिट, फोर-के फक्त ३० हर्ट्‌झ. २.० सप्टेंबर २०१३ ची, १८ गिगाबिट, फोर-के ६०. २.१ नोव्हेंबर २०१७ ची, ४८ गिगाबिट, आणि तिथे घड्याळाची वेगळी जोडी राहत नाही, चारही जोड्या माहिती नेतात. हे आकडे उपकरणांचे आहेत. केबलची वर्गवारी वेगळी: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड (१८ गिगाबिट), अल्ट्रा हाय स्पीड (४८ गिगाबिट). खोक्यावर नुसतं "२.१ केबल" लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. अल्ट्रा हाय स्पीडच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं, ते फोनने वाचून खात्री करा.

वीस मीटरसाठी माझ्या मते दोनच रस्ते.

एक, ऑप्टिकल एचडीएमआय केबल. चित्राच्या जोड्या काचतंतूतून जातात, बोलण्यांच्या तारा सहसा तांब्याच्याच राहतात. तिला दिशा असते. एका टोकावर "सोर्स", दुसऱ्यावर "डिस्प्ले" लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच येत नाही, आणि पाइपातून ओढून प्लॅस्टर केल्यावर हे कळलं तर फार महागात पडतं. टोकातल्या चिपांना वीज १८ नंबरच्या पिनेतूनच मिळते. तिथून प्रमाणाप्रमाणे किमान ५५ मिलीअँपियरचीच हमी असते, म्हणून काही लॅपटॉपांवर या केबली डळमळतात. यूएसबीने जादा वीज घेणारं टोक असलेली केबल घ्या.

दुसरा रस्ता एचडीबेस-टी. दोन डब्या आणि मध्ये नेटवर्कची केबल. १०८०पी शंभर मीटर जातं. जुन्या पिढीच्या डब्यांतून १०.२ गिगाबिटच जातात, म्हणजे फोर-के ६० फक्त ४:२:० मध्ये, रंगाचा तपशील कमी करून. केबल शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. आणि ती मधल्या नेटवर्क स्विचमधून नेऊ नका, आकार इंटरनेटच्या तारेचा असला तरी आतला व्यवहार वेगळा आहे.

बाकी, चित्रपट मुळात २४ चौकटींचा असतो. फोर-के २४ किंवा ३० ला ८.९१ गिगाबिटच लागतात. प्रत्येक वेळी ६० चा अट्टहास कशाला?

---

कुळागर

मानकुराद बाब, सुरंगीताई, आभार. स्प्लिटरच्या बुडाला चार स्विच आहेत, त्यातला एक १०८०पी चं एडिड धरतो. तो लावून तीनदा वीज बंद-चालू केली, चित्र दरवेळी नीट आलं. तिसरी तक्रार मिटली.

पहिल्या तक्रारीसाठी व्हरांड्याची वाट स्प्लिटरमधून काढून बघितली. ओटीटीचं चित्र प्रोजेक्टरवर लगेच आलं. वाट परत लावली की काळं. स्प्लिटरवर "एचडीसीपी २.२" छापलेलं आहे.

---

खाजन

मग अडकतंय टीव्हीशी. ही चाचणी अगदी योग्य केलीत.

एचडीसीपी ही इंटेलने काढलेली व्यवस्था. तिच्या पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणात ४० गुप्त किल्ल्या असतात, प्रत्येक ५६ बिटांची, आणि एक ४० बिटांचा जाहीर क्रमांक. त्या क्रमांकात बरोबर वीस एक आणि वीस शून्य असतात. दोन उपकरणं एकमेकांचे क्रमांक घेतात, आपापल्या किल्ल्यांतून बेरीज करतात, बेरीज जुळली की चित्र कुलूपबंद होऊन निघतं. २०१० मध्ये या पिढीची मूळ किल्ली फुटली. दुसरी पिढी त्याआधीच तयार झाली होती. तिच्यात आरएसए आणि १२८ बिटांचं एईएस या कूटपद्धती आहेत. हल्ली जी सगळीकडे दिसते ती २.२ आवृत्ती २०१३ ची. तुमचा टीव्ही त्याच्या आधीचा असणार, म्हणजे एचडीसीपी १.४ वालाच.

आता मुख्य गोष्ट. स्प्लिटर हा एचडीसीपीच्या भाषेत रिपीटर. त्याने आपल्या खाली कोण कोण लटकलंय याची यादी वर लॅपटॉपला द्यावीच लागते. मजकूर दोन जातींचा असतो. शून्य जातीचा मजकूर खाली १.४ वाल्या पडद्यालाही चालतो. एक जातीचा, म्हणजे बहुधा फोर-के, जुन्या पडद्याकडे जाऊच शकत नाही. काही अ‍ॅपं अशा वेळी उतरून १०८०पी देतात. काही सरळ चित्र बंद करतात आणि आवाज चालू ठेवतात. तुमचं अ‍ॅप या दुसऱ्या प्रकारचं. सगळ्या झाडाची पायरी सर्वांत खालच्या पानावरून ठरते, म्हणून व्हरांड्यातल्या टीव्हीने सभागृहातलं चित्र बंद पाडलं.

करायचं काय? लॅपटॉपचं चित्र व्हरांड्यात नेण्याची गरज आहे का, हे आधी विचारा. बाहेर उशिरा आलेल्यांना रंगमंच दिसावा एवढंच हवं असेल, तर मागच्या भिंतीवर कॅमेरा लावा आणि त्याची स्वतंत्र वाट टीव्हीला द्या. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राला एचडीसीपी लागत नाही. प्रोजेक्टरची वाट मग स्प्लिटरशिवाय सरळ जाईल, आणि मधला एक सांधा कमी होईल.

---

देवचार_७

एवढं कशाला? ऑनलाइन एक स्वस्त स्प्लिटर मिळतो, तो एचडीसीपी काढूनच टाकतो. तो लावा, झालं.

---

खाजन

ती वाट मी सुचवणार नाही, आणि कारण सांगतो. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आणि इथे दुसरा प्रश्न त्याहून मोठा: ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घरात बघण्यासाठी असतं. सभागृहात लोकांना बोलावून चित्रपट दाखवायचा तर हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली की बहुतेक वेळा फाइलही तेच देतात, जिला अ‍ॅप लागत नाही आणि ही काळ्या पडद्याची भानगड उरतच नाही. संस्थेने हाच रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

---

आबोली

तांत्रिक बोलणं झालं, आता आपल्या हवेबद्दल. गोव्यात एचडीएमआय बिघडण्याचं कारण पुष्कळदा चिपेत नसतं, सॉकेटच्या तोंडाशी असतं.

मिरामार, कोलवा, हरमल अशा किनाऱ्याजवळच्या जागी खारं वारं आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा. स्वस्त केबलच्या टोकावरचा सोन्याचा मुलामा नावापुरता असतो. तो झिजला की खालच्या तांब्यावर हिरवट थर चढतो. टॉर्च धरून टोकाच्या आत पाहा: पिना पिवळ्या झळझळीत दिसायला हव्यात. काळपट किंवा हिरवट डाग दिसला, विशेषतः १५ ते १९ च्या बाजूला, तर चित्र येता-जाता अडखळणार. दोन्हीकडची वीज बंद करा, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. सँडपेपर लावू नका. मुलामाच निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. पोर्टेबल केबली सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, न वापरलेल्या सॉकेटांना रबरी टोप्या घाला.

आणि वीज. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात केबल टीव्हीच्या तारेतून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये येतो, तिथून एचडीएमआयने टीव्हीत. बटण बंद केलेलं पुरत नाही. भिंतीतला प्लग काढा आणि केबल टीव्हीची तारही काढा. सभागृहात लॅपटॉप आणि प्रोजेक्टर वेगवेगळ्या फेजवर आणि वेगळ्या अर्थिंगवर असतील तर केबल लावताना ठिणगी दिसते. ती दिसली तर जोडणी थांबवा, आधी वायरमनला अर्थिंग तपासू द्या. ऑप्टिकल केबल घेतलीत तरी तिच्यातल्या तांब्याच्या तारांतून हा धोका राहतो.

---

शिगमो

खाजन यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, त्याला जोड. नाट्यस्पर्धांचं चित्रण करताना कॅमेरा आणि टीव्ही दोन्ही ५० हर्ट्‌झवर ठेवा, १०८०पी २५ किंवा ५०. आपली वीज ५० ची. ६० वर कॅमेरा ठेवला की जुन्या ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआयवरची माहिती दाखवणं बंद करा, नाहीतर बॅटरीचा आकडा व्हरांड्यातल्या टीव्हीवर कायम दिसेल. छोट्या कॅमेऱ्यांना मिनी किंवा मायक्रो सॉकेट असतं. तिथे जड केबल लटकवू नका, केबल आधी ट्रायपॉडच्या पायाला बांधा. सॉकेट मदरबोर्डवरून उखडतं ते याच वजनाने.

---

मानकुराद

एक राहिलं. प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर दिव्याला दोष देऊ नका. लॅपटॉप रंग ० ते २५५ मध्ये पाठवतो, टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५. एका बाजूला फुल आणि दुसऱ्या बाजूला लिमिटेड असेल तर चित्र फिकट पडतं किंवा सावल्यांतला तपशील गिळला जातो. दोन्हीकडे एकच निवडा.

आणि फोर-के टीव्ही घेतलात तर त्याच्या मेनूत त्या पोर्टाचा पूर्ण वेग वेगळा चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये डीप कलर, सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट. बंद असेल तर पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ सारखा वागतो.

---

पाडेली

प्रश्न जरा वेगळा. वीस मिनिटांचा मराठी लघुपट पणजीच्या एका पडद्यावर डीसीपीने, म्हणजे चित्रगृहासाठीच्या डिजिटल फाइलींच्या संचाने, दाखवायचा आहे. २००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीत होत असल्यामुळे डीसीपी हा शब्द ऐकून माहीत आहे, पण तिथेही एचडीसीपीच असतं का?

---

सुरंगी

नाही, ती पद्धत वेगळी. डीसीपीत प्रत्येक चौकट स्वतंत्र जेपीईजी-२००० चित्र असते, १२ बिट, सेकंदाला कमाल २५० मेगाबिट. म्हणजे वीस मिनिटांचे जास्तीत जास्त साडेसदतीस जीबी, आवाज वेगळा. टू-के फ्लॅटचं माप १९९८ × १०८०, स्कोपचं, म्हणजे जास्त रुंद चित्राचं, २०४८ × ८५८. तुमची फाइल १९२० × १०८० असेल तर ती ताणू नका, फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंना ३९ ठिपक्यांची काळी पट्टी ठेवा. २५ चौकटींवर चित्रित केलं असेल तर २४ वर आणताना आवाजाचा सूर चार टक्क्यांनी उतरतो, तो सावरून घ्या.

कुलूप लावायचं की नाही हे तुमच्या हातात. लावलं तर केडीएम नावाची किल्ली लागते. ती त्या एका सर्व्हरच्या प्रमाणपत्रासाठीच बनते आणि तिला सुरू-संपायची वेळ असते. वेळेत सर्वांत जास्त फसगत होते ती साडेपाच तासांची. किल्ली बनवणाऱ्याने "सकाळी दहापासून" ही वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) भरली तर आपल्याकडे ती दुपारी साडेतीनला उघडेल. आदल्या रात्रीच्या चाचणीचीही वेळ तिच्यात धरा. वीस मिनिटांच्या लघुपटाला मी कुलूप लावायला सांगणार नाही, आयत्या वेळी सर्व्हर बदलला तरी तो चालायला हवा.

---

कुळागर

व्हरांड्यासाठी कॅमेरा ठरला, ओटीटीऐवजी हक्कधारकाकडे पत्र जाईल. प्रोजेक्टरला ऑप्टिकल केबल घेतो. शेवटचं: भिंतीत आता २५ मिलिमीटरचा पाइप आहे, दोन काटकोनी वळणं. केबल जाईल?

---

मानकुराद

सरळ पाइपातून कदाचित, त्या वळणांतून नाही. एचडीएमआयचं टोक साधारण २० मिलिमीटर रुंद आणि ताठ असतं, २५ च्या पाइपाला आतून त्याहून थोडीच जास्त जागा. दोन पर्याय आहेत. टोक सुटं होणारी ऑप्टिकल केबल येते, आत मायक्रो आकाराचं लहान टोक असतं आणि मोठं टोक नंतर बसतं. ती घ्या. नाहीतर पाइप ४० चा करून काटकोनांच्या जागी लांब वळणाचे बेंड घाला. ओढताना जोर केबलच्या अंगावर द्या, टोकावर नको, आणि काचतंतू आहे म्हणून बांगडीपेक्षा लहान वळण कुठेही येऊ देऊ नका. ओढायच्या आधी जमिनीवर पसरून लॅपटॉप ते प्रोजेक्टर अर्धा तास चालवून बघा, "सोर्स" लिहिलेल्या टोकाला लाल चिकटपट्टी लावा. केबलबरोबर एक रिकामी नायलॉनची दोरीही आत सोडा, पुढची केबल ओढायला.

---

कुळागर

लाल पट्टी विंगेकडे. रविवारी ओढतो, फोटो इथे टाकतो.